डिकीतला तांदूळ

नरेंद्रकाकांकडे गाडी शिकला नाही असा मराठी विद्यार्थी इथे परदेशात, आमच्या एडिसन गावात शोधावा लागेल. पुण्या-नागपूरहून कुणी आलं की काका त्याला एअरपोर्टवरून आणणार, कांचनकाकू जेवू घालणार आणि दुसऱ्या दिवशी काका त्याला स्टीअरिंगवर बसवणार. मीही त्यांच्याकडेच शिकले. माणूस दिलदार, पण दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ! त्यात मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले इंजिनिअर, म्हणजे बोलायलाच नको.

हिवाळ्याचे टायर त्यांनी जन्मात घेतले नाहीत. "ऑल सीझन लिहिलंय ना टायरवर? मग विंटर काय सीझन नाही?" बर्फ पडला की ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून आणलेल्या तांदळाच्या मोठमोठ्या पिशव्या डिकीत भरायच्या, हा यांचा उपाय. त्यांच्या पहिल्या गाडीला मागची चाकं ढकलायची, तेव्हा मागे वजन टाकलं की ती रस्ता पकडत. आताच्या गाडीला पुढची चाकं ओढतात. डिकी भरली की तीच हलकी होतात. हे मी सांगून सांगून थकले. "तुला ड्राइव्ह करायला शिकवलं कुणी?" एवढंच उत्तर. चीड यायची नुसती.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत आधी बर्फ पडला, मग पाऊस, आणि रात्रीतून सगळं गोठलं. सकाळी काकूंचा फोन आला. बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीला, सावनीला, कळा सुरू झाल्या होत्या. मी धावत समोरच त्यांच्या घरी गेले. पोरगी दाराची चौकट धरून उभी, आणि काका डिकीत तांदूळ भरताहेत! माझं डोकंच फिरलं.

"काका, माझ्या गाडीला स्नो टायर आहेत. मी नेते तिला."

"तीस वर्षं चालवतोय मी इथे. हो बाजूला."

त्यांनी गाडी मागे घेतली. ड्राइव्हवेच्या उतारावर ती अशी घसरली, की टपालपेटी मोडून रस्त्यात आडवी झाली. नशीब, सावनी अजून आत बसली नव्हती. काका खाली उतरले. वाटलं, आता तरी शहाणपण येईल. तर म्हणतात कसे, "वजन कमी पडलं. कांचन, आणखी दोन पिशव्या आण."

"बाबा, आय ॲम नॉट गेटिंग इन!" सावनी रडत ओरडली.

"घाबरायचं काय त्यात? तुझी आई बसते की इतकी वर्षं माझ्या शेजारी. विचार तिला, कधी घाबरली का!"

काकूंनी त्यांना उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सावनीला धरलं आणि माझ्या गाडीत नेऊन बसवलं. मग काकांकडे वळल्या.

"दर हिवाळ्यात डोळे गच्च मिटून बसते मी तुमच्या शेजारी. एकदा तरी माझ्याकडे बघितलंत?"