ओहोटीत अडकलेला भुलगा

पोरगी भुलग्यांवर डॉक्टरकी करतेय, असं माझ्या आईने डहाणूच्या आमच्या अख्ख्या वाडीत सांगून ठेवलं होतं. मी करत होते ते पीएच.डी.चं काम बेलुगांवरचं. भुलगा आमच्या किनाऱ्यावरचा, डॉल्फिनसारखाच पण काळसर, माणसाएवढ्या लांबीचा. बेलुगा उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातला, पांढराफटक देवमासा. दोघांच्याही पाठीवर पर नसतो आणि दोघांची कुळं एकमेकांना जवळची, एवढंच नातं. आईला मी पुष्कळदा समजावलं होतं. बेलुगांची जात जगभर एकच, पण प्रत्येक कळप उन्हाळ्यात आपापल्या ठरलेल्या खाडीत परततो. ती वाट पिल्लू आईबरोबर पोहत शिकतं. म्हणून आईकडून येणारी जनुकं तपासली, की खाडीखाडीतले कळप वेगळे ओळखू येतात.

"म्हणजे माहेरपणाला येतात म्हण की," आई म्हणाली होती.

जिवंत बेलुगा मी आजवर पाहिलेला नाही. माझं सगळं काम दुसऱ्यांनी गोळा केलेल्या कातडीच्या तुकड्यांवर चालतं.

मागच्या हिवाळ्यात सुट्टीवर घरी आले होते. सकाळी चहा घेत असताना मामा धावत आला. मामा मासेमारी करतो, सहसा धावत नाही.

"बाय, चल लवकर. भुलगा लागलाय खडकात. जिता आहे."

आमच्याकडे ओहोटीला पाणी फार लांब जातं. मागे राहिलेल्या चिखलात, दोन खडकांच्या मधे तो एका कुशीवर पडला होता. डोक्यावरचं नाकाचं भोक उघडायचं, फस्स आवाज व्हायचा आणि पुन्हा मिटायचं. भोवती माणसं जमली होती. एकाने शेपटीला दोर बांधला होता.

"ओढू नका!" मी ओरडले. "शेपटी मोडेल त्याची."

"मग काय मरू द्यायचा?" तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

मामाने दोर सोडवला. मी वनखात्याला फोन लावला. "निघालोय. तोवर त्याला ओला ठेवा. नाकात पाणी जाऊ देऊ नका," असं पलीकडून सांगितलं. आईने घरून जुनी सुती लुगडी आणली. ती भिजवून आम्ही त्याच्या अंगावर घातली, नाक तेवढं उघडं ठेवलं. ऊन चढत होतं. बाया कळशीने पाणी आणून ओतत होत्या.

तेवढ्यात माझ्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. मी त्यांना फोटो पाठवला होता. "तुमच्या भागातल्या भुलग्याचा एकही नमुना आपल्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "परवानगी मिळते का बघ. कातडीचा कण पुरेल." मी त्याच्याकडे पाहिलं. माझा हात त्याच्या कुशीवर होता आणि आतली धडधड बोटांना कळत होती. त्याच्या अंगाला ब्लेड लावायची मला हिंमत नव्हती. तशी इच्छाही नव्हती.

दोन श्वासांमधलं अंतर वाढायला लागलं. भरतीला अजून बराच अवकाश होता.

"हा भरतीपर्यंत टिकत नाही," मामा म्हणाला.

शेवटी वनखात्याचे दोघं आले. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला फोनवर त्याचा श्वास ऐकवला. "उचला, पण बाजूचे पर धरू नका," डॉक्टर म्हणाले. ताडपत्री त्याच्या पोटाखाली सरकवली आणि सगळ्यांनी मिळून उचलली. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. मधेच एक जण पडला, ताडपत्री कलंडली. भुलग्याने एक बारीक, चिरका आवाज काढला. आई माझ्यामागे पुटपुटत होती, "थांब रे बाबा, आलं पाणी, आलं."

कंबरभर पाण्यात त्याला सोडलं, तर तो दगडासारखा तळाशी बसला. मामाने खाली हात घालून त्याला वर धरला. फस्स. पुन्हा एकदा फस्स. मग मामाच्या हाताला जोराचा हिसका बसला आणि भुलगा पाण्यात दिसेनासा झाला.

किनाऱ्यावर लुगडी गोळा करताना दिसलं, उन्हाने सुटलेली कातडीची पातळ सालं त्यांना चिकटली होती. मी वनखात्याच्या माणसाला दाखवली. त्याने पंचनाम्यात नोंद करून ती रीतसर प्रयोगशाळेकडे पाठवली.

चारेक दिवसांनी घोलवडच्या बाजूला एक मेलेला भुलगा किनाऱ्याला लागला. कुत्र्यांनी फाडलेला, सडलेला. नर की मादी तेही कळत नव्हतं. मामा बघून आला आणि ओटीवर बसून राहिला. जेवला नाही.

"तोच असेल ना?"

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," मी म्हटलं. त्याचाही तुकडा वनखात्याने पाठवला. मी सुट्टी संपवून परत गेले. निकालाची वाट बघताना माझं बेलुगांच्या कामात लक्ष लागेना. रोज संध्याकाळी मामाचा फोन यायचा. "काही कळलं?" एवढंच विचारायचा.

अखेर कळलं. दोन वेगळे जीव होते. आम्ही सोडली ती मादी, मेला तो नर.

मामाने मोठा श्वास सोडला, तो मला फोनवरही ऐकू आला. मग आईने फोन घेतला. "आणि हा मेला तो कुठला गं? आपल्याच खाडीचा?"

या किनाऱ्यावरचे भुलगे एकाच कळपाचे की निरनिराळ्या, हे ठरवायला पुरेसे नमुनेच नव्हते. तसं मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले आणि विचारलं, बेलुगांच्या जोडीला हे काम मी घेऊ का?

"परवानग्या मिळवायला फार वेळ जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे," मी म्हटलं आणि अर्ज लिहायला बसले.