मोजणीवाली बाई

शाळेतला चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना आंदण दिलेला तास. जळगावात मी ज्या शाळेत नोकरी केली, तिथे दिवाळी उलटली की माझ्या वर्गाच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहायचं. "बाई, तेवढा तुमचा तास घेतो हं." विचारायचे नाहीत, सांगायचे. मग मी स्टाफरूममध्ये बसून स्नेहसंमेलनाच्या पाट्या रंगवायची. उरलेले दिवस पोरांच्या दोन डोंगरांमधला सूर्य दुरुस्त करण्यात गेले. स्वतःचं एक धड चित्र झालं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी येताना ठरवलं, आता एक चित्र करायचं. एकच. पण त्यात न बघता मारलेली एकही रेघ असणार नाही.

पिंप्राळ्यातल्या माझ्या घरात ते होण्यासारखं नव्हतं. कागद लावला की बेल वाजते. कुरिअरवाला, गॅसवाला, विरजण मागायला शेजारीण. आणि बाई घरी बसून चित्र काढतेय म्हणजे ती रिकामीच आहे, हे सगळ्या जगाने गृहीत धरलेलं. म्हणून मी धुळ्याच्या पुढे, मावसबहिणीच्या गावी जायला लागले. जमेल तेव्हा एस.टी.ने जायचं, चार दिवस राहायचं.

तिथे एका शेताच्या मधोमध हिवराचं झाड होतं. हिवर म्हणजे फिक्या सालीची बाभूळच म्हणा, तशीच काटेरी. त्याला कुणी पूजत नव्हतं, त्याच्याखाली कुणी जेवायला बसत नव्हतं. शेत एका म्हाताऱ्या माणसाचं, गाव त्यांना आबा म्हणायचं. मी विचारलं, "आबा, इथे बसले तर चालेल ना?" आबा म्हणाले, "बसा ना ताई." तेवढंच.

पहिले कित्येक दिवस मी झाड काढतच नव्हते, हे मला फार उशिरा समजलं. मी शाळेतला तक्ता काढत होते. खोड म्हटलं की हात आपला तपकिरी रंगाकडे जायचा. आता हिवराचं खोड तपकिरी असतं कुठे? सकाळी ते पातळ ताकासारखं दिसतं, उन्हं चढली की राखेवर जातं. पण इतकी वर्षं पोरांना शिकवलेलं माझ्याच बोटांत मुरलेलं! ते काढून टाकायला अख्खा पावसाळा गेला. डोळा काही बटण दाबलं की सुरू होत नाही. आधी तासभर घरचं काहीबाही आठवतं, दूध फ्रिजमध्ये ठेवलं का, बिल भरलं का. मग कंटाळा येतो, पाठ दुखते. त्या कंटाळ्यातही बसून राहिलं तर कुठे जरा दिसायला लागतं. लोक याला प्रतिभा वगैरे म्हणतात. डोंबलाची प्रतिभा! नुसता पाठीचा प्रश्न असतो.

अडलं होतं ते एकाच जागी. खोड जिथे फुटून फांद्या सुरू होतात, तिथे. कितीदा खोडलं, कितीदा काढलं, झाड आपलं वरून चिकटवल्यासारखंच दिसायचं. थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी लक्षात आलं की मी फांद्या काढत होते आणि फांद्यांच्या मधलं आभाळ तसंच राहून जात होतं. ते आभाळच धरायचं होतं. त्या वेळी रंग संपत आले होते आणि दुसऱ्या दिवशी परतायचंच होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला. तेवढा आभाळाचा तुकडा जमला की चित्र झालं.

आबा अधूनमधून येत. तांब्याभर पाणी आणून ठेवत आणि लांब बांधावर बसून माझ्याकडे बघत. बोलत नसत. मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं काम गुपचूप बघतंय. मला त्यांचा आधार वाटायला लागला होता. घरच्यांनी कधी असं बघितलं नव्हतं.

मध्ये घरात एक लग्न निघालं, जाणं लांबलं. संक्रांतीनंतर गेले, तर शेतात झाड नव्हतं. खोडाच्या जागी मातीत रुतलेला बुंधा, आणि सगळ्या शेतभर लिंबाची वीतभर रोपं, रांगेने. ठिबकच्या काळ्या नळ्या नव्याकोऱ्या. मी चित्राचा स्टँड खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिले. आबा लगबगीने आले. चेहरा खुललेला.

"दखा ताई, बठ्ठं लिंबू लायी दिधं. आते बराबर लिखी ल्या."

"आबा, झाड कुठे गेलं?"

"काटेरी झाडना कोन पैसा देस? आनि सावली बी पडे रोपस्वर."

मग हळूहळू उलगडलं. पलीकडच्या शिवारात सोलरवाल्यांनी जमिनी घेतल्या होत्या. ज्यांच्या शेतात फळझाडं होती त्यांना मोबदला जास्त मिळाला, असं गावात बोललं जायचं. आणि इकडे मी! तीन पायांचा स्टँड उभा करून, एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरून झाडाची उंची बघत बसलेली, तीही सरकारी पगार खाल्लेली बाई. सगळं गाव मला मोजणीवाली बाई म्हणत होतं, हेही आबांनीच सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बघत बसले म्हणून झाड गेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडलेच मी. "अहो, कसली मोजणी? मी चित्र काढत होते! कुणी येत नाहीये तुमची जमीन घ्यायला!"

आबा हसले. "मोजनीवाला कधी सांगतस का? नुसतं दखाले कोन येस इतलं लांब?"

मी पिशवीतून चित्र काढलं आणि त्यांच्यापुढे बांधावर आपटलं. ते उकिडवे बसले. चित्र त्यांनी बराच वेळ बघितलं. एकेका फांदीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता तरी पटलं असेल.

"हाई मनंच झाड शे," ते म्हणाले. "हाई माले द्या, ताई. साहेब उना ते पुरावा दखाडता येई, आठे झाड व्हतं. त्यानं बी काही भेटी. खाले तुमनी सही करी द्या."

आजवर माझ्या चित्रावर माझी सही कुणी मागितली नव्हती.

"अपुरं आहे ते," मी म्हटलं. "अपुऱ्या चित्रावर मी सही करत नाही."

आबांनी एकदा बुंध्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आते काय पुरं व्हई ते?"

खरं होतं मेल्याचं. मी सही केली.