बाकीच्यांना शून्य

तिनं मला सांगायला हवं होतं. आजही माझं म्हणणं हेच आहे. चूक कुणाची होती ते मी पुढे सांगणारच आहे, लपवणार नाही. पण माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला खरं काय ते ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली. दुकान सोडून नाशिकला गेली, आणि आता माझ्याशी बोलत नाही. दहा वर्षं आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो होतो. माणसानं भांडावं, तोंडावर बोलावं. मी तरी तशीच आहे.

जव्हारला एसटी डेपोपासून चार पावलांवर माझं दुकान आहे. दाखल्यांचे अर्ज, स्कॅन, प्रिंट, झेरॉक्स. आम्ही मूळच्या मोखाड्याकडच्या पाड्यावरच्या, घरी भात आणि नाचणी. बारावीत नापास झाल्यावर मी मोखाड्याला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली टायपिंग केलं. समोरच्याचं पहिलं ‘नाही’ खरं नसतं, हे मी तिथं शिकले. पुढे नाशिकला एक संगणक क्लास बंद पडत होता, त्याचे चार जुने संगणक घ्यायला मी गेले आणि सकाळपासून दुपारपर्यंत घासाघीस केली. शेवटी तो मालक म्हणाला, “बाई, घेऊन जा, पण आता बोलू नका.”

त्या संगणकांत विंडोज नव्हतं आणि ते विकत घ्यायची माझी तयारी नव्हती. तिथल्याच एका शिक्षकानं लिनक्स टाकून दिलं. ते फुकट होतं, म्हणून मला पटलं. मी त्याच्या आज्ञा वहीत उतरवून पाठ केल्या. बहीण तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. तिनं त्या पाठ केल्या नाहीत, समजून घेतल्या.

परवानग्यांचं प्रकरण मला तिनंच शिकवलं. प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले सगळे ‘बाकीचे’. वाचायचे चार, लिहायचे दोन, फाइल चालवायचा किंवा फोल्डरच्या आत शिरायचा एक. बेरीज सात. मालकाला सात, गटाला सात आणि बाकीच्यांना शून्य, असं ठेवलं की आपलं आपल्यात राहतं.

“आणि तीन सात?” मी विचारलं होतं.

“तीन सात म्हणजे दुकान उघडं टाकून बाजाराला जाणं.”

“आपल्या पाड्यावर कोण कुलूप लावतं? दाराला आडवी काठी लावली की कळतं, घरात कोणी नाही.”

“पाड्यावर येणारा आपला असतो, ताई. इथे डेपो आहे.”

आम्ही एक गट केला, त्यात दोघीच. गिऱ्हाइकांना अर्ज भरायला कोपऱ्यात मुख्य संगणकाला जोडलेला एक संगणक दिला होता, त्याचं खातं वेगळं. ते ‘बाकीच्यां’त मोडायचं. सगळ्यांच्या वर रूट नावाचं खातं. त्याला कुठलीच परवानगी लागत नाही. रूटचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. दुकान माझं होतं.

आमच्याकडची एक रीत बाहेरच्यांना विचित्र वाटेल. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वसईकडे, भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. घरात कागद ठेवला तर चुलीच्या धुरानं काळा होतो, नाहीतर उंदीर खातात, पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून लोक जायच्या आधी दुकानात येऊन रेशनकार्ड, जातीचा दाखला, आधार, सगळं स्कॅन करून घ्यायचे आणि म्हणायचे, “तुज्याकंच राहू दे.” मग भट्टीवरून फोन यायचा, अमुक कागद काढून भाच्याच्या हाती दे. मी कुणाला असं ठेवायला सांगितलं नव्हतं. ते आपोआप सुरू झालं. एका फोल्डरमध्ये चाळीस-पन्नास पाड्यांची माणसं होती. बहुतेक स्कॅन बहिणीनं केलेली, त्यामुळे फायली तिच्या नावावर. थोड्या माझ्या.

मग एका पावसाळ्यात आमच्याच पाड्याजवळचा एक म्हातारा दुकानात आला, मागे सहा-सात जण. कुठल्या तरी शहरात त्याच्या आधारवर सिमकार्ड निघालं होतं आणि त्या नंबरावरून लोकांना फसवलं होतं. त्याला चौकशीला बोलावलं होतं. मागच्यांचंही तेच. कागद कुठे दिले होते, यावर सगळ्यांचं उत्तर एकच होतं.

म्हातारा ओरडला नाही. “पोरी, आमी कागूद घरच्या पेटीत नाय ठेवलं,” तो म्हणाला. “तुज्याकं ठेवलं.”

मी फोल्डर उघडून परवानग्या बघितल्या. पहिल्या ओळीपासून तीन सात. कोपऱ्यातल्या संगणकावर बसणारा कोणीही पेनड्राइव्ह लावून सगळं उचलून नेऊ शकत होता. दर आठवड्याला लोकांचे अर्ज भरून देणारा एक एजंट तिथे तासन्‌तास बसायचा, तोही काही दिवसांपासून दिसत नव्हता.

माझं डोकं फिरलं. ओळींच्या पुढे बहिणीचं नाव होतं. परवानगी बदलायचा हक्क फाइलीच्या मालकाला असतो, हे तिनंच मला शिकवलेलं. मी संगणकाचा पडदा लोकांकडे फिरवला.

“हिला विचारा,” मी म्हणाले. “फायली हिच्या नावावर आहेत. हिनं दार उघडं टाकलं.”

ती पडद्याकडे बघत होती. वरपासून खालपर्यंत तिनं यादी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बोल की आता.” ती म्हणाली, “काय बोलू?” आणि लोकांना पाणी द्यायला उठली.

मी त्याच दिवशी परवानग्या पुन्हा नीट केल्या आणि तिला गटातून काढलं. तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या खात्यातून आत आली, फोल्डर उघडायला गेली, आणि पडद्यावर आलं की परवानगी नाही. आतल्या फायली तिच्या स्वतःच्या नावावर होत्या. पण फोल्डरच्या आत शिरायचा रस्ताच बंद, मग मालकी असून काय उपयोग? ती थोडा वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मी हिशेबाच्या वहीत मान घालून होते. तिनं विचारावं अशी माझी इच्छा होती. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर मिटलं असतं.

पुढचे पंधरा दिवस ती काम करत राहिली. कोणी कागद मागायला आलं की माझ्याकडे वळून म्हणायची, “ताई, यांचा दाखला काढून दे.” गिऱ्हाइकांसमोर, अगदी साध्या आवाजात. मी काढून द्यायचे. दुकानात येणाऱ्या बायका आमच्याकडे आळीपाळीनं बघायच्या. सोळाव्या दिवशी तिनं तिची पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी उचलली आणि नाशिकची गाडी धरली.

लोक हळूहळू परत आले. म्हाताऱ्याची चौकशी मिटली. “धाकटी पोर, चुकली असेल,” असं लोक म्हणायचे आणि मी मान हलवायचे. दुकान वाचलं.

वर्षभरानं मुख्य संगणकाची हार्डडिस्क कुरकुरायला लागली. जुनी प्रत शोधायला मी बाहेरच्या डिस्कवरचं सगळं बघत होते. दर सोमवारी आम्ही सगळ्या फोल्डरची परवानग्यांसकट प्रत काढून ठेवायचो. त्यात त्या पावसाळ्यातली, लोक यायच्या आदल्या सोमवारची प्रत निघाली. मी यादी उघडली. तीन सात, तीन सात. बहिणीचं नाव, बहिणीचं नाव, मग माझं. माझ्या नावावरच्या फायलीही उघड्या.

तेव्हा हात थांबला. माझ्या फाइलीची परवानगी ती बदलूच शकत नव्हती. संगणक तिला करूच देत नाही. मालकाखेरीज ते एकालाच जमतं. रूटला. आणि रूट मी.

मग तो दिवस आठवला. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाची गर्दी होती. बहीण कुणाचे अर्ज घेऊन मोखाड्याला पंचायत समितीत गेलेली. कोपऱ्यातल्या संगणकावर एका बापाला मुलीचा दाखला उघडत नव्हता, त्याची मोखाड्याची जीप सुटत होती, मागे रांग ओरडत होती. मी कावले. रूटनं आत गेले, वहीतली परवानग्या बदलायची, सीएचमॉडची ओळ उघडली, तीन सात टाकले आणि फोल्डरच्या आतल्या सगळ्याला लागू केले. दाखला उघडला, जीप मिळाली. माघारी फिरवायचं विसरले. विसरले असंही नाही, ते पुन्हा डोक्यातच आलं नाही.

लोकांकडे फिरवलेल्या त्या पडद्यावर माझं नाव होतं. मी व्यवहारात पै सोडत नाही, समोरच्याच्या डोळ्यांवरून भाव ओळखते, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. तिला दिसलं होतं.

मी तिला फोन लावला. तिनं उचलला.

“तुला तेव्हाच कळलं होतं,” मी म्हणाले.

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणासमोर? सात माणसं उभी होती. मालकिणीनंच उघडं टाकलं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकानात कोण आलं असतं?”

“नंतर मला एकटीला सांगायचं.”

“तू मला गटातून काढलंस, ताई. तेही न सांगता. मी पडद्यावर वाचलं.”

मी म्हणाले, परत ये. टेबल तसंच आहे. अर्धं दुकान तुझ्या नावावर करते. मी म्हणाले, बरं, रूटचा पासवर्डही घे.

“लोकांना सांगशील?” तिनं विचारलं.

खरं सांगते, मी हिशेब करत होते. कुठल्या पाड्याचे किती लोक, कोण जाईल, कोण राहील. मग म्हणाले, “सांगितलं तर येशील?”

“मी भाव करत नाहीये, ताई.”

मग ती म्हणाली, “माझं खातं काढून टाक तिथून. माझं नाव तिथे आहे तोवर काही झालं की माझ्यावर येणार.”

मला राग आला. एवढं मी देऊ करते आणि ही असं बोलते. फोन ठेवला आणि त्याच तिरीमिरीत तिचं खातं काढलं. एक ओळ लिहायची, बस. मग सवयीनं कागदांच्या फोल्डरची यादी उघडली. तिच्या फायली जागच्या जागी होत्या, पण मालकाच्या जागी नाव नव्हतं. एक हजार एक, एवढा आकडा होता. ओळीमागून ओळ, खालपर्यंत. संगणक माणसाला आकड्यानं ओळखतो, नाव आपल्या सोयीसाठी दाखवतो. हे मला माहीत होतं. बघितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी गर्दी आवरेना म्हणून जव्हारमधलीच एक मुलगी कामाला ठेवली. तिचं खातं उघडलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मॅडम, मी कालच आले ना?”

“मग?”

“हे सगळे कागद मी केलेत असं दाखवतंय.”

मी उठून बघितलं. नव्या खात्याला संगणकानं पहिला रिकामा आकडा दिला होता, एक हजार एक. माझ्या बहिणीनं दहा वर्षं एकेक वाकडा कागद सरळ करून, पुसट शिक्का दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा स्कॅन केलेलं सगळं या मुलीच्या नावावर झालं होतं.

“हात लावू नकोस त्याला,” मी इतक्या जोरात म्हणाले की ती दचकली. रूटनं आत जाऊन मी सगळं माझ्या नावावर केलं. दुसरं कुणाचं नाव घालणार? तिनं तर काढ म्हणून सांगितलं होतं.

त्या रविवारी दुकान बंद ठेवून मी मोखाड्याकडची जीप पकडली आणि पाड्यावर गेले. म्हातारा खळ्यावर नाचणी झोडत होता. मी उभ्यानंच सांगितलं, “बाबा, ते कागद मी उघडे टाकले होते. धाकटीनं नाही. मी लोकांसमोर तिचं नाव घेतलं.”

त्यानं काठी थांबवली. “तिला म्हाईत हाय?”

“तिला आधीपासून माहीत होतं.”

“आणि मी चांगलं बोललो नव्हतो तिला, बाजारात. तरी ती काय बोलली नाय.” त्यानं माझ्या मागे वाटेकडे बघितलं. “ती आली नाय संगती?”

“नाही.”

“येनार हाय?”

“नाही बाबा.”

“मंग मी तिला काय नि कसा सांगू?” म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा झोडायला लागला.

मी खळ्याच्या कडेला उभी राहिले. तिचा नंबर लावला, फोन त्याच्या हातात देईन म्हणून. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी म्हातारा काठी टेकून, हात पुढे करून माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता, आणि तिकडे कोणी उचलत नव्हतं.