हुकाला रंग देऊ नका

सुपडूभाऊ गेल्याचं मला कागदावरून कळलं. मी सहावीच्या वर्गावर होतो. केळी सोसायटीचा शिपाई आला, शोकठरावाची नक्कल टेबलावर ठेवली आणि खाली सही मागू लागला. 'संस्थेचे कर्तव्यदक्ष चालक व मिस्त्री यांच्या दुःखद निधनाने संस्थेची अपरिमित हानी झाली आहे...' बुधवारा पेठेत त्यांचं घर शाळेपासून चार गल्ल्यांवर. पण बातमी आली ती सोसायटीच्या कचेरीवरून, ठरावाचा अंगरखा घालून. मी सही केली नाही. दुःख व्हायच्या आधी मला राग आला, आणि आज पाच आठवडे झाले तरी तो दुःखाला जागा द्यायला तयार नाही. अशा लेखाला शोभेल असा हळवा सूर मला लागणार नाही, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

कारण साधं आहे. माझ्या खणात आणखी एक कागद होता, त्याच सोसायटीचा, ठरावाखाली सही करणाऱ्या त्याच सेक्रेटरींच्या सहीचा, जेमतेम दीड महिन्यापूर्वीचा. तो चौकशीचा अहवाल. त्यात याच माणसाला 'निष्काळजी' म्हटलेलं होतं. मेल्यावर माणसाचे दोष झाकायची रीत मला ठाऊक आहे. पण इथे दोष माणसाचा नव्हताच, आणि झाकणारे हात ओळखीचे होते.

सुपडूभाऊंची आणि माझी ओळख लालबागला, म्हणजे आमच्याच गावच्या स्टेशनच्या मालधक्क्यावर झाली. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक पिकअप सोसायटीने घेतली होती. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, आणि हौद्याच्या मागे जोडलेला दोन चाकांचा ट्रेलर. डोईफोडियाकडच्या बागांतून केळीचे घड भरायचे आणि स्टेशनावर वॅगनपाशी आणून उतरवायचे. मी शाळेच्या पुस्तकांचं पार्सल सोडवायला गेलो होतो. पाहतो तर एक उंच, वाळका माणूस ट्रेलरच्या चाकाच्या मध्यावर पालथा हात टेकवून डोळे मिटून उभा. मला वाटलं, काही मंत्रबिंत्र असेल.

"काय पाहता?" मी विचारलं.

"ताप."

"कोणाचा?"

"बेरिंगचा. माणसाच्या अंगाइतकं गरम चालते मास्तर. चटका बसला म्हंजे आतलं ग्रीस सरलं. मग ते बोंबलायची वाट पाहायची नाई."

मी मास्तर आहे हे त्यांनी माझ्या छत्रीवरून ओळखलं असावं. त्यानंतर दर सुट्टीच्या दिवशी मी सोसायटीच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. गावातल्या सगळ्या व्याख्यानमाला मी ऐकल्या आहेत. पण ज्याला विषय येतो असा वक्ता मला त्या शेडमध्येच भेटला.

त्यांचं म्हणणं असं की ही गाडी ओझं वाहायला बनली आहे, ओढायला नाही. ओढायचं असेल तर तिच्याशी वेगळं वागायला हवं. पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या मैलांवर गिअरचं तेल बदलायचं. चढाच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, चढावर दम लागल्यावर नाही. आणि उतारावर ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही, इंजिनलाच गाडी धरू द्यायची. घड भरताना ट्रेलरच्या पुढच्या बाजूला थोडं जास्त वजन ठेवायचं. मागे जास्त झालं की ट्रेलर शेपूट हलवतो आणि गाडीलाच फरपटत नेतो. बागवान घाईत मागेच घड रचत, तेव्हा हे अर्धा ट्रेलर रिकामा करायला लावत. "सुपडू, तू मिस्त्री आहेस का सासू?" असं एक जण म्हणाला होता. "सासू परवडली," हे म्हणाले, "ती घरीच राह्यते. ट्राली तुह्या मागं मागं येते."

आणि हूक. पिकअपच्या मागचा लोखंडी हूक, ज्यात ट्रेलरच्या दांडीची कडी अडकते. "लोक म्हंतात इंजिन वढते. इंजिन काय वढते? सारं वजन ह्या मुठीएवढ्या लोखंडावर राह्यते." त्या हुकाची ते दर आठवडी बाजाराच्या दिवशी तपासणी करत. रॉकेलने धुवायचा, थोडा वेळ थांबायचं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसून काढायचा आणि वरून बारीक चुन्याचा हात फिरवायचा. मग बिडी ओढत बसायचं. लोखंडाला तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळी रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारा तडा असा दिसतो. दसऱ्याला सोसायटीत गाडीची पूजा होई. शेंदूर, हळदीकुंकू, झेंडूचे हार. हे कुणालाही हुकाजवळ फिरकू देत नसत. "शेंदूर बोनेटले लावा. हुकाले काईच लावू नका, रंग बी नाई. झाकलेल्या लोखंडाची तब्येत दिसत नाई."

हुकाखालून दोन साखळ्या जात, एकीवर एक, हातांची घडी घातल्यासारख्या. हूक तुटलाच तर दांडी त्या घडीत पडायची आणि ट्रेलर सुटायचा नाही. त्या साखळ्यांची गरज कधी पडली नव्हती, आणि तीच त्यांची शेखी होती. गाडी सुरू करण्यापूर्वी ते एकदा पूर्ण फेरी मारत. हूक, साखळ्या, चाकं, पुन्हा हूक. ही प्रदक्षिणा मी कधी चुकलेली पाहिली नाही. एकदा सोडून.

राज्य नवं झालं. काल नागपूरला जाणारे आमचे अर्ज आज भोपाळला जाऊ लागले. आपण कुठल्या राज्यात आहोत हे आम्हाला समजावून सांगायला दर महिन्याला कुणीतरी पाहुणे येत. पिकअप जुनी, रस्ता जुना, खड्डे त्याहून जुने. नव्या होत्या त्या कमानी. डोईफोडियाला केळी भरायचं नवं केंद्र उघडायचं ठरलं, आणि भोपाळहून बडे पाहुणे येणार म्हणून सेक्रेटरींच्या अंगात आलं. चार प्रदेश जोडून राज्य झालं, म्हणून माझ्या शाळेतल्या चार मुली चार प्रदेश होणार, पाचवी मधोमध नवं राज्य, आणि हा देखावा सोसायटीच्या ट्रेलरवरून मिरवणुकीने वर टेकाडावरच्या केंद्रापर्यंत जाणार. मुली मी निवडल्या. मानपत्रही मीच लिहिलं. गावातली मानपत्रं लिहायचं काम माझ्याकडेच असतं. मी मनातल्या मनात हसत लिहितो, लोक गंभीर होऊन ऐकतात, आणि दोघांचंही चालतं. माझा असा समज होता की हसणारा माणूस सोहळ्यात सामील नसतो.

त्याच आठवड्यात चुन्यावर रेघ उमटली होती. केसापेक्षा बारीक. मला हे नंतर कळलं. सुपडूभाऊंनी सेक्रेटरींना शेडमध्ये आणून ती दाखवली आणि नवा हूक मागितला. "कार्यक्रम होऊ दे, मग बघू," असं उत्तर मिळालं. तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: ट्रेलरवर माणूस बसवायचा नाही, फुलांची आरास फक्त, आणि साखळ्या काढायच्या नाहीत. सेक्रेटरी हो म्हणाले. हो म्हणायला त्यांना कधीच त्रास होत नाही.

सोहळ्याच्या सकाळी मांडवामागे रंगाचा डबा होता. हूक चांदीसारखा चमकत होता. तडा, गंज, सगळं एका हातात झाकलेलं. सुपडूभाऊंना टेकाडाच्या पायथ्याच्या खोलीत नेऊन पांढरा कोट आणि लाल पट्टा चढवणं चाललं होतं. बाहेर पाहुण्यांबरोबर आलेला एक तरुण अधिकारी ट्रेलरखाली वाकून म्हणाला, "अरे, ये ज़ंजीरें किसने लटकाई हैं? फोटो में अच्छी नहीं लगेंगी, शुभ काम है।" सेक्रेटरींनी स्वतः वाकून साखळ्या सोडल्या आणि मांडवाच्या खांबाशी टाकल्या.

हे मी पाहिलं. इथे थांबून लिहितो, कारण चौकशीत मला कुणी हे विचारलं नाही... मी पाहिलं आणि मला विनोद सुचला. साखळ्या कशासाठी असतात हे त्या मांडवात सुपडूभाऊंच्या खालोखाल मला ठाऊक होतं. मी मात्र उठून माइकपाशी गेलो आणि मानपत्र वाचण्याआधी म्हणालो की आजचा दिवस इतका मंगल आहे की आमच्या गाड्यांच्यासुद्धा बेड्या गळून पडल्या. लोक हसले. पाहुणेही हसले. माझ्या आयुष्यात कुठल्याच वाक्याला इतक्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

बँड सुरू झाला. सुपडूभाऊ तो कोट आवरत आले तेव्हा ट्रेलरभोवती फुलांच्या माळा जमिनीपर्यंत सोडलेल्या होत्या आणि वर पाची मुली बसलेल्या होत्या. ते मागे वळले, काही बोलले, बहुधा मुलींना उतरवा म्हणाले. पाहुण्यांची जीप पुढे निघाली होती. सेक्रेटरी ओरडले, "आता तमाशा नको सुपडू, चल, चल!" मागे फेरी मारायला त्यांना कुणी जाऊ दिलं नाही. दोघांनी दंडाला धरून त्यांना केबिनमध्ये बसवलं.

चढाच्या मध्यावर हूक तुटला. आवाज बँडमध्ये बुडाला. पाठ हलकी झाल्याचं त्यांना सीटवरच कळलं असणार, कारण आम्ही काय झालं ते समजेपर्यंत हँडब्रेक ओढून ते खाली उतरलेले होते, हातात सीटखालचा लाकडी ठोकळा घेऊन. ट्रेलरची दांडी जमिनीत खरडत होती, म्हणून तो सुरुवातीला हळू मागे जात होता. मुली किंचाळत होत्या. ते त्याला मागे टाकून धावले आणि खाली बसून चाकामागे ठोकळा दिला. चाक ठोकळ्यावर चढलं, तिरपं झालं आणि थांबलं. रस्त्याकडेचा दगड आणि चाक यांच्या मधे ते होते. मुलींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पाची जणी आता सातवीत गेल्या आहेत.

कमरेपासून खाली काही उरलं नव्हतं. दोन महिने बुधवाऱ्याच्या घरात पडून होते. अहवाल आला तो मीच त्यांना वाचून दाखवला. 'चालकाने जोडणीची तपासणी न केल्यामुळे व सुरक्षेच्या साखळ्या न लावल्यामुळे सदर अपघात घडला.'

ते म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"साखळ्या... म्या नाई लावल्या?"

त्यांना पाय गेल्याबद्दल बोलताना मी कधी ऐकलं नाही. या एका वाक्याबद्दल मात्र ते शेवटपर्यंत बोलत राहिले. त्यांना काही नको होतं. एवढंच वाक्य खोडून हवं होतं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, तुटलेला तुकडा आणा. तुटल्या जागी पाहा. अर्धं काळं असंन, अर्धं चकचकीत. काळं ते जुनं, चकचकीत ते त्या दिवशीचं. लोखंड खोटं बोलत नाई. त्याले फक्त कोरडं ठेवा."

सोसायटीच्या भंगारात तो मला सापडला. जसं सांगितलं तसंच होतं. अर्धं काळं, अर्धं चकचकीत, आणि बाहेरून चंदेरी रंग. मी साक्षीचा अर्ज लिहिला, साखळ्या कुणी सोडल्या ते नावासकट लिहिलं, माझं स्वतःचं हसणंही लिहिलं. अर्ज इथून जिल्ह्याला गेला, तिथून भोपाळला. तिथे कळलं की सोसायटीची जुनी फाईल अजून नागपुराहून यायची आहे. ती आल्यावर 'उचित कार्यवाही' होईल. सुपडूभाऊ रोज विचारत, "आली का फाईल?" शेवटच्या आठवड्यात विचारायचे थांबले.

ठरावाची नक्कल आणि खणातला अहवाल घेऊन मी त्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. केसरबाईंना, त्यांच्या पत्नीला, वाचता येत नाही. त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडून वाचून घेतले, मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातला खरा कोणता, मास्तर?" मी शिकलेला माणूस. मी दोन्ही कागदांखालची एकच सही त्यांना बोटाने दाखवली.

तो तुकडा आता माझ्या टेबलावर असतो, शाईच्या दौतीशेजारी. आमच्या हवेत लोखंड कोरडं ठेवणं सोपं नाही. चकचकीत अर्ध्यावर एकदा तांबूस ठिपका दिसला आणि मला फाईल इतकी सावकाश का येते आहे ते समजलं. दोन्ही अर्धे सारखे काळे झाले की अहवाल आपोआप खरा ठरेल. म्हणून दर बाजारच्या दिवशी मी रॉकेलचा बोळा घेऊन तो पुसतो.

पिकअपला नवा हूक बसला आहे. नवा ड्रायव्हर भला माणूस आहे. हूक मात्र सेक्रेटरींनी आल्याबरोबर चंदेरी रंगवून घेतला. तेव्हापासून तुकडा पुसून झाला की मी काचकागद, रॉकेल आणि चुन्याची पुडी घेऊन शेडमध्ये जातो, गुडघे टेकून रंग खरवडतो आणि मग बिडी न ओढता तिथेच बसून राहतो. ते पुन्हा रंगवतात. मी पुन्हा खरवडतो. परवा मला नोटीस आली: संस्थेच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण. खाली सही तीच.

काल बाजार होता. चुना पांढराच राहिला, रेघ नव्हती. साखळ्या मी स्वतः एकीवर एक घातल्या आणि ड्रायव्हरला गाडीभोवती एक फेरी मारायला लावली.