तीळ न घातलेली चटणी

अंगारे-धुपारे म्हटलं की मी तोंडावर हसणारी बाई. लॅबमध्ये रक्त तपासते, रिपोर्टमध्ये दिसेल तेवढंच मानते. पहिला नवरा हार्ट अटॅकनं गेला तेव्हा नणंद म्हणाली, देवर्षाकडे जाऊन विचारू या... तिला दारातूनच परत पाठवलं होतं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढणार आहात.

चार वर्षांपूर्वी दुसरं लग्न करून मी कागलहून कोल्हापुरात आले. माझा ओंकार तेव्हा तेरा वर्षांचा, ह्यांची सई नऊची. सईची आई, कविता, आदल्या वर्षी काविळीनं गेलेली. घर भरलं, असं सगळे म्हणाले. भरलं कसलं! सई माझ्या हातचं खायचीच नाही. ताटात कोरडी भाकरी आणि बरणीतली चिमूटभर कांदा-लसूण चटणी. कवितानं कुटलेली शेवटची. पोरगी ती पुरवून पुरवून खात होती.

"मावशी, तुझ्या चटणीत तीळ न्हाईत," ती एकदा म्हणाली.

नव्हतेच. आमच्याकडे तीळ घालत नाहीत, लसूण मात्र भरपूर. ओंकारच्या वडिलांना तशीच लागायची, ओंकारलाही. घर बदललं, आडनाव बदललं... एवढी एक गोष्ट मी बदलणार नव्हते.

उन्हाळ्यात गिरणीतल्या डंकावर, त्या कांडपाच्या मशीनवर, चटणी कांडायला गेले. मसाला मी भाजलेला, डबे मी उचललेले, आणि खोकत-शिंकत शेवटपर्यंत समोर मीच बसलेली. घरी आल्यावर सईनं बोट बुडवून चाखलं आणि रडायलाच लागली.

"ही आईची हाय!"

मी चाखली. तीळ. शेजारी कविताच्या बरणीतली चिमूट ठेवून चाखली — काडीचा फरक नाही.

आधीच्या गिऱ्हाइकाचे तीळ डंकात राहिले असतील म्हटलं. पुढच्या वर्षी मुद्दाम कागलच्या डंकावर गेले. तेच! यंदा घरीच खलबत्त्यात कुटली, तळहात सोलवटले. घरात तीळ औषधालाही नव्हता. तरी तेच.

"पोरगी जेवायला लागली की! आणखी काय पायजे तुला?" हे म्हणतात. खरं आहे. सई आता दोन भाकऱ्या खाते, मला आई म्हणते. पण चटणी वाढताना तिनं "आई" म्हटलं की मला राग येतो. आठ वर्षांची असताना आई गमावलेल्या पोरीचा राग... लाज वाटते, पण येतो.

ओंकारनं पहिल्याच वर्षी चाखून ताट सरकवलं होतं. "आई, ही आपली न्हाय."

"अरे, मीच कुटली की."

"तू कुटलीस. पर आपली न्हाय."

आता तो वारणानगरला हॉस्टेलवर असतो. जाताना चटणीचा डबा भरून दिला तर टेबलावरच ठेवून जातो. गेल्या रविवारी घरी आला होता. धुवायचे कपडे काढताना त्याच्या बॅगेच्या तळाशी औषधाची छोटी बाटली सापडली. आत आमची कागलची, या लग्नाआधीची जुनी चटणी, काळी पडलेली, बोटभर उरलेली. झाकण उघडलं आणि तो लसणाचा वास आला. नकळत माझं बोट आत गेलं.

"खाऊ नगंस आई," ओंकार दारातून म्हणाला. "तेवढीच ऱ्हायलीया."

ते तीळ कुठून येतात, मला आजही सांगता येत नाही. मी बोट बाटलीच्या काठाला पुसलं, झाकण लावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली.