संपतची वाईट लेन्स

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी साठत जातात. एक, लोकांनी न नेलेले अल्बम. दुसरी, किस्से. अल्बम निदान कपाटात गप्प पडून राहतात. किस्से मात्र टपरीवर चहा सांगितला की आपोआप बाहेर येतात, आणि आमच्या टपरीवर ते सध्या एकाच वस्तूभोवती फिरतायत. त्यातले बरेचसे माझ्यावरच उलटतात. पण मी नाही सांगितले तर बाळू सांगेल, आणि तो मीठमसाला लावतो.

आमचं टोळकं लहान. मी नंदू, माझा स्टुडिओ फलटणला. संपतचा लोणंदला. बाळूला स्टुडिओच नाही. तो व्हिडिओ काढतो, आज माझ्याबरोबर तर उद्या संपतबरोबर, आणि इकडचं तिकडं पोचवतो. संपत आणि मी एकाच माणसाच्या हाताखाली शिकलो, एकाच कंपनीचे कॅमेरे घेतले. त्यामुळं त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसते आणि माझी त्याच्या. दोस्त म्हणाल तर जिवाचा. तरीही त्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. हे मी लपवत नाही, लपवून उपयोगही नाही, सगळ्या टपरीला माहिती आहे!

*

संपतनं लेन्स आणली तो दिवस मला पाठ आहे. सोळा-पस्तीसची वाइड झूम. आकडा जेवढा लहान तेवढं फोटोत जास्त मावतं. म्हणजे खोलीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तरी समोरच्या भिंती, छत, फरशी आणि दारातून डोकावणारी शेजारीण, सगळं एका दमात येतं. संपतनं ती टेबलावर ठेवली, मखमलीच्या कापडावर. कापड मुद्दाम घरून आणलं होतं.

टपरीवाले तात्या चहा घेऊन आले. "काय हाय रं हे?"

"वाइड लेन्स हाय, तात्या."

तात्यांनी कप ठेवला आणि संपतकडं फार दयेनं बघितलं.

"वाईट? आरं मग घेतलीस कशाला? चांगली शिल्लक न्हवती व्हय?"

मी इतका हसलो की चहा शर्टावर सांडला. त्या दिवसापासून ती आमच्यात 'वाईट लेन्स' झाली. मला वाटलं, चला, नाव तरी खराब झालं. पण महिनाभरात गिऱ्हाइकंच विचारायला लागली, "ती वाईट लेन्स तुमच्याकडं हाय का? न्हाई? मग ऱ्हाऊ द्या."

*

एका वस्तीवर हळदीचा कार्यक्रम होता. मुलीकडून मी, मुलाकडून संपत. अंगण एवढंसं, त्यात मांडव, पाटावर मुलगा-मुलगी, भोवती शंभर बायका. माझ्या साध्या लेन्समध्ये पाट आला की बायका कापल्या जायच्या, बायका घेतल्या की पाट गायब.

"जरा मागं, जरा मागं," असं स्वतःलाच म्हणत मी मागं सरकत होतो. डोळा कॅमेऱ्याला. शेवटी सगळी मंडळी फ्रेममध्ये बसली, आणि त्याच क्षणी मी म्हशीच्या गव्हाणीत बसलो!

वैरणीत. पाय वर. म्हशीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि माझ्या कानाजवळचा कडबा ओढून घेतला.

संपत जागचा हलला नव्हता. त्यानं तिथूनच क्लिक केलं आणि ओरडला, "नंद्या, सगळं मावलं!"

खरंच मावलं होतं. पाट, मुलगा, मुलगी, शंभर बायका, मांडव, म्हैस आणि मी. फोटो इतका सुंदर होता की मुलाकडच्यांनी तो अल्बमच्या पहिल्या पानावर लावला.

*

मग मी ठरवलं, आपणही घ्यायची. आणि घ्यायची तर संपतपेक्षा वाइड! त्याची सोळापासून, तर माझी चौदापासून. दोन आकड्यांसाठी माझी झोप उडाली. जेवताना मोबाईलवर परीक्षणं, झोपताना परीक्षणं. एकजण म्हणायचा कडा मऊ येतात, दुसरा म्हणायचा पुढची काच फुगीर आहे, जपावं लागेल. पुण्याच्या दुकानदाराला मी इतके फोन केले की तो माझा आवाज ऐकून आधी उसासा टाकायचा.

"साहेब, लग्नाला चौदा कशाला? सोळा भरपूर झालं."

"सोळा संपतकडं आहे."

"संपत कोण?"

बायको, सुनीता, भाकरी थापता थापता हे सगळं ऐकत होती. एक दिवस म्हणाली, "आवं, मला बघाय आलता तवा पोहे संपायच्या आत व्हय म्हणालता. ह्या काचंत एवढं काय बघताय?"

"तुझ्या वेळी दुसरं कुणी बघून गेलं नव्हतं ना," मी म्हणालो.

त्या रात्री भाकरी करपलेली होती.

*

तोवर संपतचं राज्य चालू होतं. एका एजंटनं त्याच्याकडून एका प्लॉटचे फोटो काढून घेतले. फोटोत असं वाटायचं की इथं बैलांची शर्यत भरवता येईल. पुण्याहून एक गृहस्थ सहकुटुंब बघायला आले. गाडीतून उतरले, इकडंतिकडं बघितलं, चार पावलं चालले आणि विचारलं, "प्लॉट कुठंय?"

एजंट म्हणाला, "आवं साहेब, तुमी आत्ताच त्यातनं भाईर गेलासा!"

संपतनं त्याचं खापर एजंटवर फोडलं. एजंटनं त्यालाच आणखी दोन प्लॉटचं काम दिलं. मला हे समजलं तेव्हा मी जेवत होतो. जेवण गेलं नाही.

*

ह्या लेन्सची एक खोड आहे. मधलं माणूस ठीक येतं, पण फोटोच्या कडेला उभं राहिलेलं माणूस आडवं ताणलं जातं. अगदी कडेला असेल तर विचारूच नका. एका लग्नात वराची आत्या कडेला होती. अल्बम बघून ती थेट लोणंदला स्टुडिओत आली आणि म्हणाली, "आरं भाड्या, माज्यात दुसरी कोण बसलीया?"

मला वाटलं, आता ह्याचा बाजार उठला. पण झालं उलटंच. लग्न ठरत नसलेला एक काटकुळा तरुण ही हकीकत ऐकून संपतकडं आला. "दादा, मला त्या आत्यागत कडंला हुभं करून काढा. स्थळाला पाठवायचाय."

संपतनं काढला. तरुण अंगानं भरलेला, खांदे रुंद, एकदम पैलवान! फोटो पसंत पडला, मुलीकडची मंडळी घरी आली. तरुणानंच पाणी आणून दिलं. मुलीच्या वडलांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला आणि प्रेमानं म्हणाले, "बाळ, थोरल्या भावाला बलीव की."

एवढं होऊन लग्न जमलं! मुलीला पोरगा आवडला. आणि फोटोची ऑर्डर अर्थातच संपतला.

*

बैलगाडी शर्यतीचं तर माझ्या डोळ्यांसमोर घडलं. वाइडमधून बघितलं की जवळची वस्तूही लांब दिसते. संपत शेवटच्या रेघेजवळ गुडघ्यावर बसला होता, डोळा कॅमेऱ्याला. बैल धुरळा उडवत आले. आम्ही बोंबललो, "संपत, ऊठ!"

"आजून लांब हायत!" तो म्हणाला.

त्याच्या पुढचा शब्द त्यानं उसात जाऊन उच्चारला. बाळूनं त्याला ऐनवेळी गचांडी धरून बाजूच्या फडात फेकलं होतं. कॅमेरा एकीकडं, संपत दुसरीकडं. मी धावत गेलो आणि आधी कॅमेरा उचलला. लेन्सची काच उन्हात धरून सगळीकडून बघितली.

"आरं, मला बघ की गड्या!" संपत उसातनं कण्हत होता.

"एक ओरखडा नाही," मी म्हणालो.

"देवाची किरपा!" संपत म्हणाला.

बाळू माझ्या तोंडाकडं बघत होता. "संप्या, नंद्याच्या तोंडाकडं बघून तसं वाटत न्हाई."

*

अखेर माझी चौदा-चोवीस आली. पुढची काच म्हशीच्या डोळ्यासारखी टपोरी. आणि ती मी एका खास लग्नासाठी आणली होती. शिराळ्याला माझ्या मेव्हणीचं, सुरेखाचं लग्न. माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या लेखी फोटो काढणं हे काही काम नव्हे. त्यांच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर असे फोटो काढायचे की त्यांनी एकदा तरी म्हणावं, जावई कामाचा आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे एक वाक्य ऐकायचं राहिलं होतं.

सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, लग्नात तुमी कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई! घरचा जावई फोटो काढत पळतोय, लोकं काय म्हणतील? फेटा बांधून मानानं बसायचं. ये हमारा ऑर्डर है!"

"मग फोटो?"

"तुमचा दोस्त हाय की, संपत. त्येच्याकडं कसली वाईट लेन्स हाय म्हणं, लय भारी. त्येला सांगून टाकलंय."

त्यांना संपतची लेन्स कुणी सांगितली? मी मागं वळून बघितलं. सुनीता तांदूळ निवडत होती.

"मीच सांगितलं आण्णास्नी," ती म्हणाली. "तुमचं नुसतं बघनंच चाललंवतं. ह्या जन्मात तुमची लेन्स घरात यील आसं वाटलं न्हाई मला!"

आता 'माझ्याकडंही आली आहे' असं सासऱ्यांना सांगणं म्हणजे दारात जाऊन काम मागणं. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. पण निघताना लेन्स टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकलीच. का, ते माझं मलाच माहिती नव्हतं.

लग्नादिवशी सकाळी हळद. मी फेटा बांधून खुर्चीत, आणि संपत माझ्या सासरच्या अंगणात ऐटीत इकडून तिकडं. करवल्या रंगात आल्या होत्या. दिसेल त्याला हळद लावत सुटल्या होत्या. त्यातली एक ओरडली, "हिलाबी लावा गं, वाईट लेन्सला!" आणि तेलातली हळद पाची बोटांनी काचेवर फासली!

संपतनं रुमालानं पुसलं, तशी ती आणखी पसरली. झूमच्या रिंगेत शिरली. रिंग अडकली. फोटोत अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ झालेली.

"झालं!" व्हिडिओ काढत असलेला बाळू म्हणाला. "हळद लागली. आता लग्न लागेस्तवर तिनं घराभाईर पडायचं न्हाई!"

संपत घामाघूम होऊन माझ्या खुर्चीपाशी आला. "नंद्या, दुसरी लेन्स आणलीच न्हाई रं मी. तुजी हाय न्हवं संगं?"

"तुला कुणी सांगितलं?"

बाळू आभाळाकडं बघायला लागला.

खरं सांगतो, मनातून मला असं वाटलं की बसावं असंच, फेट्यात, आणि बघावी त्याची फजिती. एवढे दिवस जळलो, आता जरा गार वाटत होतं. पण समोर सुरेखा हळद लावून बसली होती, लहानपणी माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर बसायला रडणारी पोरगी, आणि आज तिच्या एका फोटोचा भरवसा नव्हता. मी पिशवीतून टॉवेल काढला. लेन्स सोडवून त्याच्या हातात दिली.

संपतनं लेन्स लावली, डोळा लावला आणि किंचाळला, "आईशप्पत! लय वाईट हाय रं ही!"

ग्रुप फोटोची वेळ आली. आत्याचा किस्सा शिराळ्यापर्यंत पोचलेला. कडेला कुणी थांबेना, सगळे मध्ये घुसायला लागले. सासरे कडाडले, "लाइन में! थोरलं जावई, तुमी कडंला. राखनीला मानाचंच मान्स पायजे!"

मी कडेला गेलो. माझी चौदाची लेन्स काय करते हे मला तोंडपाठ होतं. संपतला डोळ्यांनी खुणावलं, हातानं खुणावलं.

"हलू नगं!" तो ओरडला. "मावतोयस, मावतोयस!"

तो फोटो आता सासऱ्यांच्या बैठकीत लावलाय, फ्रेम करून, बरोब्बर दारासमोर. नागपंचमीला आम्ही शिराळ्याला गेलो तेव्हा पाहुण्यांची रीघ होती. प्रत्येकाला सासरे हाताला धरून फोटोसमोर नेत होते.

"सगळं गाव मावलंय बघा एका फोटोत! आन् ह्ये आमचं थोरलं जावई. कसं भरल्यात बघा, आमचंच खाऊन!"

"फोटो झ्याक हाय," पाहुणे म्हणाले. "कुणी काढला?"

"संपतनं. मान्स कामाचं! त्येच्याकडं लेन्सच तसली हाय."

मी तोंड उघडलं. सुनीतानं पुरणाच्या दिंडांचं ताट माझ्या हातात दिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू, एवढी वर्सं धंद्यात हायसा. तुमीबी आसली एखादी घ्या की!"