नमस्कार करत चालणारी थोरली

पाहुण्यांना हत्तीवरून फिरवणाऱ्या समुद्राकाठच्या त्या कॅम्पात माहूत बरेच होते, पण अंकुशाला हात न लावता हत्ती चालवणारा तो एकटाच. कानामागे पायाच्या अंगठ्याने जरासं दाबलं की त्याची हत्तीण, थोरली, वळायची, थांबायची, बसायची. एकवीस वर्षांची सोबत होती दोघांची. "माझ्यावर एवढा जीव लावला असता तर सोनं झालं असतं माझं," बायको म्हणायची, आणि काही खोटं नव्हतं त्यात.

त्या हंगामात थोरलीच्या पुढच्या उजव्या पायाचं नख तडकलं. दिवसभर तापलेली वाळू तुडवायची आणि मग ओल्या सिमेंटवर उभं राहायचं, दुसरं काय होणार? आत पू धरला आणि ती लंगडायला लागली. लंगड्या हत्तीला कॅम्प एकच जागा दाखवायचा, डोंगरातली लाकडाची वखार. तिथे गेलेला हत्ती परत आलेला कोणी पाहिला नव्हता. आणि मालक तर रोज सकाळी ऑफिसच्या पायरीवर उभे राहून एकेका हत्तीची चाल निरखायचे.

तेव्हा या शहाण्याने शक्कल काढली. दुखरा पाय टेकायच्या क्षणी तो अंगठा दाबायचा, की थोरली मान खाली घालून सोंड वर करायची. लंगडणं त्या नमस्कारात झाकून जायचं. पाहुणे बेहद्द खूश. "अगं, पावलापावलाला नमस्कार करते ही." मालकांनी फाटकावर तिचं हे एवढं मोठं चित्र लावलं, आणि दिवसाच्या चार फेऱ्यांच्या नऊ झाल्या.

आता बोलायची सोय राहिली का? बोललं तर वखार, नाही बोललं तर नऊ फेऱ्या. रोज संध्याकाळी तो मिठाच्या कोमट पाण्याने तिचा पाय शेकायचा, पू काढायचा आणि तिची माफी मागायचा. ती सोंडेने त्याचा खांदा चाचपत राहायची. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर आले तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, "ही पाय जपून टाकते का?" मालक शेजारीच उभे होते.

"नाही साहेब, शिकवलंय तिला तसं," माहूत म्हणाला. डॉक्टरांना अजून तीन कॅम्प उरकायचे होते. त्यांनी सही ठोकली.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, पाठीवर दोन पाहुणे असताना थोरली वाटेतच बसली. त्यांना धक्कासुद्धा लागू न देता, हळूच बसली. लोकांना वाटलं खेळच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती काही उठली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

महिन्याभरात नवी हत्तीण आली, तरणी, चारही पाय धडधाकट. मालकांनी माहुताला बोलावलं. "हिलाही ती नमस्काराची चाल शिकव."

"मालक, ती चाल नव्हती," तो म्हणाला. "पाय सडला होता तिचा. मी लपवलं तुमच्यापासून."

"ठाऊक आहे. मी काय आंधळा आहे का? पहिल्याच दिवशी दिसलं मला."

माहुताने झटकन मान वर केली.

"तू काही बोलेनास," मालक म्हणाले. "म्हटलं, तिचाच माहूत गप्प आहे, म्हणजे झेपत असेल तिला. शब्द टाकला असतास तर दोन महिने बसवून ठेवली असती. फाटकावर चित्र असलेला हत्ती वखारीत कोण धाडतो? बरं, उद्यापासून लाग कामाला."

माहुताची मान सवयीने 'हो' अशी हलली.